एलईडीचा रंग ऐकू येत नाही, त्यातला प्रवाह ऐकू येतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी ऑडिओ प्रीॲम्प्लिफायर बांधण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात व्हॉल्व्हच्या (काचेच्या इलेक्ट्रॉन नळीच्या) कॅथोडला रेझिस्टरऐवजी एलईडी लावण्याची शिफारस होती. शिफारस चांगलीच आहे. मात्र लाल एलईडीने आवाज उबदार होतो, निळ्याने थंड आणि स्वच्छ होतो, म्हणून ज्याने त्याने आवडीप्रमाणे रंग निवडावा, हा पुढचा सल्ला वाचकांना भलतीकडे नेणारा आहे. एलईडी बदलला की आवाज बदलतो हे खरे. तो का बदलतो हे न सांगता नुसते रंग सांगितले, तर लोक पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दहा रंगांचे एलईडी आणतील, एकेक लावून ऐकत बसतील आणि मूळ दोष तसाच राहील. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी एलईडी तिथे काय करतो ते पाहू. व्हॉल्व्हमध्ये कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन ॲनोडकडे जातात आणि मधली ग्रिड त्यांचा प्रवाह कमीजास्त करते. व्हॉल्व्ह नीट चालायला ग्रिड कॅथोडपेक्षा एक-दोन व्होल्ट ऋण असावी लागते. नेहमीची पद्धत म्हणजे कॅथोडखाली रेझिस्टर. व्हॉल्व्हचा प्रवाह त्यातून गेला की कॅथोड जमिनीपेक्षा, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बिंदूपेक्षा, वर उचलला जातो आणि हा फरक, म्हणजे बायस, आपोआप मिळतो. पण सिग्नलबरोबर प्रवाह हलतो, त्याबरोबर रेझिस्टरवरचे व्होल्टेजही हलते आणि ते मूळ सिग्नलच्या विरोधात जाते. त्यामुळे गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, घटतो. तो परत मिळवायला रेझिस्टरला समांतर २२० किंवा ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर लावतात. एलईडी ही दोन्ही कामे एकटा करतो. त्याच्यावरचे व्होल्टेज प्रवाह कमीजास्त झाला तरी जवळपास स्थिर राहते आणि सिग्नलला तो अगदी थोडा विरोध करतो. हा विरोध किती, यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे आणि तो ठरतो मुख्यतः एलईडीतून वाहणाऱ्या प्रवाहावर. साध्या लाल एलईडीत १० मिलिॲम्पिअर वाहत असतील तर सिग्नलला दिसणारा विरोध साधारण ५ ते ८ ओहम असतो. अर्धा मिलिॲम्पिअरच वाहत असेल तर तोच विरोध १०० ओहमच्या घरात जातो.

आता एक प्रत्यक्ष सर्किट घेऊ, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. व्हॉल्व्ह ईसीसी८८, म्हणजेच ६डीजे८. एचटी, म्हणजे व्हॉल्व्हला लागणारा उच्च व्होल्टेजचा सप्लाय, २२० व्होल्ट, ॲनोड रेझिस्टर १५ किलोओहम, कॅथोडखाली १.७ व्होल्टचा एक साधा लाल एलईडी. अशा जोडणीत सुमारे साडेआठ मिलिॲम्पिअर वाहतात आणि ॲनोड नव्वद व्होल्टच्या आसपास बसतो. या व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात ९० व्होल्ट हाच नमुन्याचा बिंदू दिलेला असतो. ॲनोड रेझिस्टरमध्ये १.१ वॅट उष्णता होते, तेव्हा तो ३ वॅटचा मेटल ऑक्साइड घ्यावा. अर्ध्या वॅटचा लावला तर आधी रंग काळवंडतो, मग त्याची किंमत सरकते आणि एका चॅनेलचा आवाज दुसऱ्यापेक्षा वेगळा येऊ लागतो. ग्रिडपासून जमिनीपर्यंत ४७० किलोओहम, आउटपुटला १ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर आणि त्याच्या पुढे जमिनीला ४७० किलोओहम. पुढच्या पॉवर ॲम्प्लिफायरचा इनपुट ४७ किलोओहमचा असला तरी खालची मर्यादा साडेतीन हर्ट्झच्या आसपास राहते, म्हणजे बास कुठेही कापला जात नाही.

या स्टेजचा गेन साधारण २७ पट येतो. त्याच जागी एलईडी काढून २०० ओहमचा रेझिस्टर लावला आणि त्याला कंडेन्सर दिला नाही, तर बायस तेवढाच राहतो, प्रवाहही तेवढाच राहतो, पण गेन २० पटीच्या खाली येतो. फरक पावणेतीन डेसिबलचा.

एलईडी लावल्यावर आवाज मोकळा झाला, गायिकेच्या गळ्यातली फिरत दिसू लागली, तबल्याच्या चाटीला धार आली, अशी वर्णने जिथे जिथे वाचायला मिळतात, तिथे पहिला संशय या पावणेतीन डेसिबलवर घ्यायला हवा. कानाला एक डेसिबलचा फरक मोठा आवाज म्हणून कळत नाही, तो चांगला आवाज म्हणून कळतो. तुलना करायचीच असेल तर आधी पातळी जुळवा. मोबाइलवरून २०० हर्ट्झचा स्थिर सूर द्या, आउटपुटला मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि दोन्ही वेळा व्हॉल्यूम फिरवून आकडा एक टक्क्याच्या आत सारखा करा. सूर २०० हर्ट्झचाच घ्यायचे कारण असे की स्वस्त मल्टिमीटर एसी मोजताना ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचे राहत नाहीत. पातळी जुळवून, समोरच्याला न सांगता दुसऱ्याने अदलाबदल करून ऐकवली की एलईडी आणि नीट बायपास केलेला, म्हणजे समांतर कंडेन्सर दिलेला, रेझिस्टर यांतला फरक बहुतेक वेळा खूपच आक्रसतो. तरीही तो शून्य होत नाही आणि जे उरते त्याला कारणे आहेत.

पहिले कारण ओव्हरलोड. रेझिस्टर-कंडेन्सरच्या जोडीला स्मरणशक्ती असते. सिग्नलचा मोठा झटका आला, व्हॉल्व्हने त्या क्षणी जास्त प्रवाह खेचला की कंडेन्सर वर चढतो आणि झटका गेल्यावरही बायस काही काळ सरकलेला राहतो. वरच्या सर्किटमध्ये ४७० मायक्रोफॅरड लावला असेल तर ही सावरण्याची वेळ सेकंदाच्या सात शतांशांच्या आसपास येते. द्रुत लयीतल्या तबल्याच्या दोन बोलांमध्ये जवळपास तेवढेच अंतर असते. म्हणजे एका बोलाचा धक्का ओसरतो न ओसरतो तोच पुढचा बोल येतो. एलईडीला ही स्मृती नाही, झटका गेला की बायस लगेच जागेवर. प्रीॲम्प्लिफायर कधी ओव्हरलोडच्या जवळ जात नसेल तर हा फायदा ऐकू येणार नाही. जात असेल, तर तो खरोखर ऐकू येतो.

दुसरे कारण आउटपुटचा विरोध. बायपास न केलेल्या रेझिस्टरबरोबर तो सहा किलोओहमच्या आसपास असतो, एलईडीबरोबर तीनच्या आत येतो. प्रीॲम्प्लिफायरपासून पॉवर ॲम्प्लिफायरपर्यंत लांब शिल्डेड वायर असेल आणि तिची धारिता हजार पिकोफॅरड भरत असेल, तर पहिल्या स्थितीत वरची मर्यादा २६ किलोहर्ट्झला येते, दुसऱ्या स्थितीत ती ५० किलोहर्ट्झच्या पुढे राहते. झांजेचा किणकिणाट मोकळा झाल्यासारखा वाटतो त्यात याचाही थोडा वाटा असू शकतो. त्या फरकासाठी एलईडीच हवा असे नाही, चांगला बायपास कंडेन्सरही तेच करतो.

आता रंगाकडे. एलईडीवर किती व्होल्ट पडतात ते त्यातल्या अर्धवाहकावरून ठरते आणि प्रकाशाचा रंगही त्यावरूनच ठरतो. रंग आणि व्होल्टेज एकत्र चालतात ते यामुळे. रिमोटमध्ये असतो तो इन्फ्रारेड सुमारे १.२ व्होल्ट घेतो, जुन्या धाटणीचा दुधी काचेचा लाल १.६ ते १.८, पारदर्शक काचेचा झगझगीत लाल १.९ ते २.१, पिवळा आणि जुना पोपटी हिरवा २ ते २.२, निळा आणि पांढरा ३ च्या आसपास. पांढरा एलईडी आतून निळाच असतो, त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर दिलेला असतो. म्हणजे लाल काढून निळा लावणे याचा व्हॉल्व्हच्या दृष्टीने एकच अर्थ, बायस १.७ वरून ३ व्होल्टवर नेणे. वरच्या ईसीसी८८ मध्ये असे केले तर प्रवाह साडेआठवरून सहाच्या आसपास उतरतो आणि ॲनोड सव्वाशे व्होल्टच्या वर जातो. या व्हॉल्व्हची ॲनोडची मर्यादा १३० आहे, म्हणजे आपण काठावर जाऊन उभे राहतो. ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडचे व्होल्टेज हलले की प्रवाह किती हलतो त्याचे माप) घटतो, डिस्टॉर्शनचा, म्हणजे सिग्नलच्या विकृतीचा, पोत बदलतो, इनपुटला जास्त मोठा सिग्नल झेपतो. आवाज बदलणारच. पण लाल एलईडी दोन एकापाठोपाठ जोडून ३.४ व्होल्ट केले तरी आवाज त्याच दिशेने बदलेल आणि तेव्हा प्रकाश लालच असेल.

सर्वांत जास्त घोटाळा ईसीसी८३, म्हणजे १२एएक्स७ मध्ये होतो, आणि नवशिक्यांच्या हातात पहिल्यांदा हाच व्हॉल्व्ह पडतो. गिटारच्या ॲम्प्लिफायरमुळे तो सहज मिळतो, गेन भरपूर देतो. पण तो मुळात काटकसरीने चालणारा व्हॉल्व्ह आहे. २५० व्होल्ट एचटी आणि १०० किलोओहम ॲनोड रेझिस्टर असताना लाल एलईडीने बायस दिला तर त्यातून अर्धा, फार तर पाऊण मिलिॲम्पिअर वाहतो. एलईडी मिणमिणतो आणि त्याचा विरोध शंभर ओहमवर चढलेला असतो. गेनमधले नुकसान फारसे नाही, अर्धा डेसिबल असेल. खरी अडचण अशी की एवढ्या कमी प्रवाहावर एलईडीचा विरोध सिग्नलच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर बदलतो. प्रवाह वाढला की विरोध घटतो, कमी झाला की वाढतो. व्हॉल्व्हचे स्वतःचे दुसरे हार्मोनिक (मूळ सुरात भर पडणारा दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) ज्या बाजूला झुकलेले असते त्याच बाजूला एलईडीची ही भर पडते. ॲनोडवर ५ व्होल्ट शिखराचा सिग्नल असेल तर नुसत्या एलईडीची भर गणिताने ०.१ टक्क्याच्या थोडी पुढे येते. ईसीसी८८ मध्ये साडेआठ मिलिॲम्पिअरवर, एक व्होल्ट आउटपुटला, हीच भर टक्क्याच्या काही सहस्रांशांत राहते. एलईडीचा आवाज उबदार असतो असे म्हणणाऱ्यांच्या सर्किटमध्ये ईसीसी८३ असण्याची शक्यता म्हणूनच जास्त. आणि त्याच ईसीसी८३ ला निळा एलईडी लावला तर ३ व्होल्टच्या बायसवर व्हॉल्व्ह जवळपास बंद पडतो. काही दशांश मिलिॲम्पिअरही धड वाहत नाही, आवाज पातळ होतो, मोठ्या सुरांवर कुरकुरतो. या पातळ आवाजालाच कोणी थंड आणि स्वच्छ म्हणत असेल, तर तो शब्दांचा प्रश्न नाही, सर्किटची चूक आहे.

यावर उपाय सोपा आहे. एलईडीला व्हॉल्व्हच्या प्रवाहावर जगायला लावू नये. गाळलेल्या एचटीपासून ४७ किलोओहमचा ३ वॅटचा रेझिस्टर थेट कॅथोड आणि एलईडीच्या सांध्यावर आणावा. २५० व्होल्टला त्यातून सव्वापाच मिलिॲम्पिअर एलईडीत जातात, एलईडी नीट पेटतो, विरोध दहा ओहमच्या आसपास येतो आणि व्हॉल्व्ह आपला अर्धा मिलिॲम्पिअर घेत राहतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. एचटीवरचा रिपल, म्हणजे गाळूनही उरलेला चढउतार, या वाटेने थोडा कॅथोडवर येतो. एचटीवर १०० मिलिव्होल्ट रिपल असेल तर कॅथोडवर वीसेक मायक्रोव्होल्ट येतात, ॲनोडवर ते पंचावन्नपट होऊन एक मिलिव्होल्टच्या पुढे जातात. लाइन स्टेजला (सीडी प्लेयरसारख्या मोठ्या सिग्नलच्या स्टेजला) हे चालून जाईल, पण रेकॉर्ड प्लेयरच्या किंवा मायक्रोफोनच्या पहिल्या स्टेजमध्ये हम, म्हणजे विजेची गुणगुण, म्हणून ऐकू येईल. तेव्हा हा रेझिस्टर पहिल्या गाळणीच्या कंडेन्सरवरून नव्हे, शेवटच्या, सर्वांत स्वच्छ कंडेन्सरवरून घ्यावा. शिवाय एचटी ३०० व्होल्ट करता आली तर लाल एलईडीवर ईसीसी८३ चा स्वतःचा प्रवाहही पावणेनऊ दशांश मिलिॲम्पिअरवर येतो आणि व्हॉल्व्ह अधिक सरळ चालतो.

इनपुटच्या बाजूची चूक याहून सर्रास दिसते. बायस १.७ व्होल्ट असेल तर सिग्नलचे धन शिखर एक व्होल्टच्या आसपास गेले की ग्रिड प्रवाह ओढायला लागते आणि शिखर चपटे होते. सीडी प्लेयर पूर्ण पातळीवर २ व्होल्ट आरएमएस देतो, म्हणजे शिखर २.८ व्होल्ट. व्हॉल्यूमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) व्हॉल्व्हच्या नंतर ठेवला असेल तर तो कितीही कमी करा, डिस्टॉर्शन कमी होणार नाही, कारण नुकसान आधीच झालेले असते. पॉट ग्रिडच्या आधी असलाच पाहिजे, ५० किंवा १०० किलोओहमचा, लॉग प्रकारचा. एलईडी लावल्यापासून आवाज कर्कश झाला अशी तक्रार घेऊन कोणी आला तर आधी पॉट कुठे आहे ते पाहावे, एलईडीचा नंबर मागून लागतो.

एलईडी कसा निवडायचा? खास ऑडिओसाठी म्हणून महाग विकला जाणारा एलईडी घ्यायची गरज नाही. दोन-चार रुपयांचा दुधी काचेचा ५ मिलिमीटरचा लाल एलईडी पुरतो. तो मोजून मात्र घ्यावा. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा आणि १ किलोओहमचा असे दोन रेझिस्टर, आणि मल्टिमीटर. आधी १ किलोओहममधून एलईडी पेटवून त्याच्यावरचे व्होल्टेज मिलिव्होल्टपर्यंत लिहून घ्या, मग ४७० ओहममधून. बॅटरी दबते, म्हणून दोन्ही वेळा रेझिस्टरवरचे व्होल्टेजही मोजा आणि त्यावरून खरा प्रवाह काढा. तो साधारण ७ आणि १५ मिलिॲम्पिअर येईल. एलईडीवरच्या दोन व्होल्टेजमधला फरक भागिले दोन प्रवाहांमधला फरक, हा त्याचा विरोध. ५ ते ८ ओहम आले तर उत्तम, १५ च्या वर गेले तर तो एलईडी पॅनेलवर दिवा म्हणून वापरा. साध्या मल्टिमीटरवर २ व्होल्टची रेंज १.९९९ ला संपते. एलईडी २ व्होल्टच्या वरचा निघाला तर मीटर २० व्होल्टच्या रेंजवर न्यावा लागतो, तिथे एक पायरी १० मिलिव्होल्टची असते आणि ही मोजणी निरुपयोगी ठरते. जुन्या धाटणीचा लाल घ्यायला सांगण्याचे हेही एक कारण. डाव्या-उजव्या चॅनेलसाठी २० मिलिव्होल्टच्या आत जुळणारी जोडी मिळाली की पुरे. त्याहून काटेकोर जुळवण्यात वेळ घालवू नये, व्हॉल्व्हच्या दोन अर्धांमधला फरक याच्या कितीतरी पट असतो. आणखी एक. आपोआप लुकलुकणारे एलईडी दुकानात त्याच डब्यात मिसळलेले असू शकतात. त्यांच्या आत छोटी चिप असते आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. लावण्याआधी प्रत्येक एलईडी पाच-दहा सेकंद पेटवून पाहावा.

जोडणीत एलईडीचा लांब पाय व्हॉल्व्हच्या कॅथोडला आणि आखूड पाय जमिनीला. उलटा लागला तर कॅथोडवर १.७ ऐवजी ५ व्होल्टच्या पुढचा आकडा दिसतो, आवाज क्षीण आणि फाटका येतो, आणि एलईडी उलट्या बाजूने ५ व्होल्टपेक्षा जास्त सहन करण्यासाठी बनवलेला नसतो, तेव्हा तो काढून टाकावा, सुलट करून पुन्हा वापरू नये. एलईडी सॉकेटच्या पायाला जवळ लावावा. पुढच्या पॅनेलवर दिसायला छान म्हणून वीतभर वायर काढून तिथे नेऊ नये, ती वायर कॅथोडला आसपासचा हम आणून देते आणि ईसीसी८८ सारख्या चपळ व्हॉल्व्हला रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर डोलायला लावते. हे डोलणे कानाला सुरासारखे ऐकू येत नाही. आवाजाला एक करकरीतपणा येतो आणि हात जवळ नेला की तो बदलतो. यासाठी ग्रिडच्या पायावर, अगदी पायाला चिकटून, १ किलोओहमचा रेझिस्टर हवाच. हीटरच्या पायांतही गफलत होते. ईसीसी८३ ला ६.३ व्होल्ट देताना ४ आणि ५ एकत्र करून ९ बरोबर जोडतात. ईसीसी८८ ला हीटर ४ आणि ५ च्या मध्ये असतो आणि ९ हा आतल्या पडद्याचा पाय, तो जमिनीला जातो. बाकीचे पाय सारखेच असल्याने लोक व्हॉल्व्ह बदलतात आणि हीटर विसरतात.

प्रकाशाचाही एक मुद्दा आहे. एलईडी प्रकाश देतो तसा प्रकाश पडल्यावर सूक्ष्म प्रवाहही निर्माण करतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा आणि स्वस्त एलईडी बल्बचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. साडेआठ मिलिॲम्पिअर वाहणाऱ्या एलईडीवर याचा परिणाम मोजताही येणार नाही इतका कमी. पण दशांश मिलिॲम्पिअरवर चालणाऱ्या एलईडीचा विरोध काही शे ओहम असतो. तिथे, विशेषतः फोनोच्या (रेकॉर्ड प्लेयरच्या) पहिल्या स्टेजमध्ये, झाकण उघडे असताना १०० हर्ट्झचा हम येतो आणि खोलीतला दिवा बंद केला की थांबतो. उपाय म्हणजे एलईडीवर काळी हीटश्रिंक नळी, किंवा नुसते झाकण बंद करणे.

ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये एलईडीचे काम वेगळे आणि माझ्या मते जास्त मोलाचे आहे. डिफरन्शियल जोडीला (दोन सिग्नलमधला फरक वाढवणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरना) स्थिर प्रवाह लागतो. ±१५ व्होल्टच्या सप्लायवर बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसपासून ऋण रेलपर्यंत (सप्लायच्या ऋण टोकापर्यंत) लाल एलईडी, एमिटरला ५१० ओहम, आणि बेसला जमिनीपासून १.३ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकामागून एक, त्यांच्या मधल्या सांध्यापासून ऋण रेलपर्यंत ४७ मायक्रोफॅरड. एलईडीत सुमारे ५ मिलिॲम्पिअर जातात आणि कलेक्टरला २ मिलिॲम्पिअरचा स्थिर प्रवाह मिळतो. यातली खुबी तापमानात आहे. तापमान एक अंश वाढले की ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्ट उतरते, एलईडीचेही जवळपास तेवढेच उतरते, आणि वजाबाकीत दोन्ही कटतात. एलईडीऐवजी १एन४१४८ चे दोन डायोड लावले तर प्रवाह अंशागणिक ०.३ टक्के सरकतो. मे महिन्यात विदर्भात बंद डब्याच्या आत ५० अंश झाले की हिवाळ्यात जुळवलेला बिंदू सहा-सात टक्के हललेला असतो. एलईडी आणि ट्रान्झिस्टर एकमेकांना खेटून बसवले तरच हा फायदा पूर्ण मिळतो. ६ व्होल्टच्या वरचा झेनर इथे लावू नये. त्यात अव्हलांचमुळे खरखर असते आणि ती गाळायला वेगळा कंडेन्सर खर्ची पडतो. एलईडी त्या मानाने फार शांत असतो.

दिव्याच्या कामासाठी लावलेले एलईडी मात्र आवाज बिघडवतात, आणि याकडे कोणी पाहत नाही. पॉवर दाखवणारा एलईडी ऑडिओच्या जमिनीवर परत आणू नका. तो धन आणि ऋण रेलच्या मध्ये १० किलोओहममधून जोडा. पावणेतीन मिलिॲम्पिअर आजच्या एलईडीला भरपूर झाले आणि त्यातला काहीच प्रवाह जमिनीतून जात नाही. आवाजाची पातळी दाखवणारी एलएम३९१५ या आयसीची दहा एलईडींची पट्टी हा तर मोठा उपद्रव. पाय ७ वरच्या रेझिस्टरने प्रत्येक एलईडीचा प्रवाह ठरतो. १.२ किलोओहमला तो १० मिलिॲम्पिअर होतो, म्हणजे पट्टी पूर्ण पेटली की १०० मिलिॲम्पिअर, आणि ते गाण्याच्या ठेक्यावर चालू-बंद. हा प्रवाह प्रीॲम्प्लिफायरच्या जमिनीतून परत गेला की आवाजात ठेक्याबरोबर टिकटिक येते. पट्टीला वेगळा रेग्युलेटर द्या, तिची जमीन थेट सप्लायच्या मुख्य कंडेन्सरवर न्या, आणि एलईडींच्या सप्लायपासून आयसीच्या पाय २ पर्यंत १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक जवळ लावा. बारऐवजी डॉट मोड ठेवला तर एका वेळी एकच एलईडी पेटतो आणि त्रास दहा पटींनी घटतो.

कॅथोडमधल्या एलईडीचे तोटेही वाचकांना माहीत हवेत. रेझिस्टर व्हॉल्व्हच्या वयाबरोबर जुळवून घेतो. व्हॉल्व्ह थकला, प्रवाह घटला, की बायसही आपोआप घटतो आणि व्हॉल्व्ह थोडा सावरतो. एलईडी तसे करत नाही. थकलेल्या व्हॉल्व्हलाही तो १.७ व्होल्टच देत राहतो. म्हणून सहा महिन्यांतून एकदा ॲनोडचे व्होल्टेज मोजून ठेवावे. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा ते पंचवीस-तीस व्होल्ट वर गेले असेल तर व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली. आणि एलईडी जळून उघडा पडला तर कॅथोड अधांतरी राहतो आणि हीटर व कॅथोड यांमधल्या इन्सुलेशनवर ताण येतो. एलईडीला समांतर २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावून ठेवला की ही भीती जाते. तो एरवी पाऊण मिलिॲम्पिअर खातो, आवाजात काही फरक करत नाही.

शेवटी लेखातल्या आकृतीविषयी एक दुरुस्ती, आणि ती आपण ठळकपणे छापावी अशी कळकळीची विनंती. आकृतीत २३० व्होल्टची घरची वीज थेट ब्रिज रेक्टिफायरला दिलेली दिसते, मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. अशा सर्किटची चासी (धातूचा सांगाडा) आणि तिला जोडलेला प्रत्येक ऑडिओ सॉकेट विजेशी थेट जोडलेला राहतो. हेडफोन लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. शिवाय गाळणीनंतर सव्वातीनशे व्होल्ट मिळतात, ते वरच्या कुठल्याच सर्किटला नको आहेत. वेगळे सेकंडरी असलेला ट्रान्सफॉर्मर हवाच, प्राथमिक बाजूला फ्यूज हवा आणि चासी अर्थला जोडलेली हवी. एचटीच्या १०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरला समांतर २२० किलोओहम १ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावावा. स्विच बंद केल्यावर तो कंडेन्सर रिकामा व्हायला दोन मिनिटे घेतो. तोवर आत हात घालू नये, आणि दोन मिनिटांनंतरही मल्टिमीटरने व्होल्टेज पाहिल्याशिवाय घालू नये.

आपला,
एक वाचक, पुणे